मोबाइल कोणाच्या पसंतीचा?

मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, इतकेच काय पण वंदनेच्या वेळेचा निरोपही मोबाइलवरच येतो. म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन वर्षांनी एक मोठी खरेदी होते. या खरेदीत पैसे आपले असतात, पण पसंती मात्र बहुधा दुसऱ्याचीच असते. जाहिरातीतला नट दाखवतो तो, दुकानदार पुढे करतो तो, नाहीतर शेजारच्या मुलाने घेतला तो फोन आपण घरी आणतो.

काटकसर करा म्हणजे मिळेल ते निमूटपणे घ्या, असे कोणी समजू नये. दुसऱ्याने टाकलेले वापरण्याची सक्ती आपल्या आजा-पणजांनी सोसली आहे. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने नवी कोरी, मनासारखी वस्तू घेण्यात स्वाभिमान आहे. बाबासाहेबांना उत्तम फाउंटन पेनांची आवड होती. अमेरिकेत शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके विकत घेतली. पण ही आवड त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांच्या कार्याशी संबंध होता. पसंती आणि देखावा यांतला फरक तो हाच.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. मोबाइल घेताना हा उपदेश फार उपयोगी पडतो. हा फोन कोणत्या भागातून घ्यायचा, हे आधी स्वतःला विचारावे. घरोघर वस्तू पोचवणाऱ्या तरुणाचा फोन हे त्याचे अवजार आहे. त्यावर चार पैसे जास्त गेले तरी ते धंद्यातच गेले. निव्वळ हौसेचा फोन उपभोगाच्या भागात बसला पाहिजे. चौथ्या भागाला हात लागत असेल, तर तो फोन कितीही चांगला असला तरी आपल्यासाठी महाग आहे.

मग ज्याचे काम त्याची निवड. वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या आशा सेविकेला दिवसभर टिकणारी बॅटरी आणि उन्हात नीट दिसणारा पडदा हवा. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला मोठा पडदा आणि किमान १२८ जीबी साठवण हवी. भीमगीतांच्या पथकातल्या कलावंताला वायरचा हेडफोन लावायची सोय महत्त्वाची वाटेल. आजकाल ती पुष्कळ फोनांत नसते. आजीला मोठी अक्षरे आणि खणखणीत आवाज पुरे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाढले म्हणजे फोटो चांगला येतोच असे नाही. भिंग आणि सेन्सरचा आकार यांना अधिक महत्त्व असते. दुकानातच घरातल्यासारख्या मंद उजेडात एक फोटो काढून पाहावा.

किंमत फलकावर एक असते आणि वापरात दुसरी. बारा हजारांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर महिन्याला ५०० रुपये पडले. अठरा हजारांचा पाच वर्षे चालला, तर महिन्याला ३०० रुपयेच पडले. म्हणून कंपनी सुरक्षा सुधारणा किती वर्षे देणार, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्या थांबल्या की फोन वरून धडधाकट दिसतो, पण बँकेच्या व्यवहाराला धोक्याचा ठरतो. गुगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या सुधारणांचे वचन दिले. हे फोन महागडे. पण २०२४ मध्येच सॅमसंगने ए१६ ५जी या त्यामानाने स्वस्त फोनलाही सहा वर्षांचे वचन दिले. म्हणजे ही सोय केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दालाही भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीचा भाव आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहून पाहावी. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासावा, म्हणजे चोरीचा फोन गळ्यात पडणार नाही. पक्के बिल घ्यावेच. तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता शेवटचा, पण घराच्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा. आपल्या कित्येक घरांत नवा फोन मुलाला आणि त्याचा काचेला तडा गेलेला जुना फोन मुलीला, अशी वाटणी होते. सुरक्षा सुधारणा थांबलेला, दुपारीच बॅटरी संपणारा तो फोन घेऊन ती कॉलेजला जाते आणि संध्याकाळी उशिरा परतते. खरी गरज कोणाला आहे? बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे होते. स्त्रीच्या हक्कासाठी सत्ता सोडणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. आपल्या घरात मुलीच्या वाट्याला उतरलेली वस्तू यावी, हे आपल्याला शोभत नाही.

पुढचा मोबाइल घेण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे. कोणाला कशासाठी हवा, किती वर्षे चालवायचा आणि पैसा मिळकतीच्या कोणत्या भागातला, हे कागदावर मांडावे. लेकीलाही तिची पसंती विचारावी, अगदी रंगसुद्धा. कालामांना बुद्धांनी सांगितले होते की केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. बाजारातही हाच विवेक आपला खिसा सांभाळील आणि मानही राखील.