गरम झाली की बंद, गार झाली की चालू! पेट्रोल गाडीचा करंट नेमका कुठे अडतो?

सकाळी घरून निघताना गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. तालुक्याच्या बाजारापर्यंत काही त्रास नाही. परत येताना मात्र उन्हात फाटकावर थांबली की गपकन बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. अर्धा तास जातो आणि काहीच झालं नाही अशी गाडी पुन्हा चालू होते. गॅरेजला नेली तर तिथे ती शहाण्यासारखी चालते. मग अंदाजाने आधी प्लग बदलतात, मग कॉईल, मग पेट्रोल पंप. पैसे जातात, दुखणं तिथंच. हीच गाडी रात्री बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची असते, त्यामुळे हा विषय नुसत्या खर्चाचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचं आहे. डिझेल गाडीत ठिणगीचा प्लगच नसतो, तिथं दाबानेच डिझेल पेटतं.

जुन्या गाड्यांत डिस्ट्रीब्यूटरमध्ये पॉइंट असायचे, ते पॉलिशपेपरने घासले की गाडी चालू. आता ते काम इलेक्ट्रॉनिक झालंय. इंजिनच्या क्रँकजवळ एक छोटा सेन्सर असतो. फिरणाऱ्या चाकाचे दाते मोजून तो गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, इंजिन कुठवर फिरलं ते कळवतो. ईसीएम कॉईलला इशारा देतो. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस हजारांच्या वर व्होल्ट करते आणि प्लगवर ठिणगी पडते. या साखळीतली एक कडी तुटली की गाडी बंद.

गाडी बंद पडलेली असतानाच खरा पुरावा मिळतो, म्हणून तेव्हा घाई नको. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? लागतच नसेल तर ईसीएमलाच सप्लाय नाही. फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंगची वायर बघा. दिवा लागला तर कान द्या. बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आता सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय पण काटा शून्यावरच चिकटून असेल, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. त्याचा इशारा नसेल तर ईसीएम ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलं तर प्लग बदलून काय होणार?

हे सगळं मोबाईलवर शूट करून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी चांगली वागली तरी व्हिडिओ खोटं बोलत नाही.

गरम झाल्यावरच का होतं? पुष्कळ सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. आत तार तुटायला आली असेल तर उष्णतेने ती सुटते, गार झाली की पुन्हा टेकते. कॉईलचं आणि जुन्या गाडीतल्या इग्नायटरचंही असंच होतं. इंजिन बंद करून, चावी काढून, सेन्सरवर ओलं फडकं ठेवायचं. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली तर चोर बहुतेक सापडला. फक्त फडकं काढल्याशिवाय सेल्फ मारू नका, पट्ट्यात अडकेल.

गाडी बंद पडत नाही, पण झटके देते, मिसिंग मारते, हे दुखणं वेगळं. इथे स्कॅनर कामाचा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसरा, याच क्रमाने पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही. पण कोड आला म्हणजे पार्ट खराब असं नाही. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड, त्यात वायर आणि कपलरही आले. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉईलच गेलेली. कोड हलला नाही तर प्लगची अदलाबदल करा. तरीही तिथंच असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावं लागेल. या परीक्षेला नवा पार्ट लागत नाही.

गावाकडे आणखी एक मेकॅनिक असतो, तो म्हणजे उंदीर. धान्याच्या कोठीशेजारी गाडी आठ दिवस उभी राहिली की वायरिंग कुरतडलंच समजा. कपलर हलवून बघा, आत हिरवट गंज असेल तर साफ करा. पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी ठीक, असं असेल तर प्लगच्या वायरीत किंवा कॅपमध्ये ओल. अंधारात बोनेट उघडून लांबून पाहिलं तर करंट बाहेर मारताना निळसर दिसतो. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे पेट्रोलवर ठीक पण गॅसवर मिसिंग असेल तर आधी प्लगचा गॅप आणि कॉईल बघा.

प्लगची वायर काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय मात्र सोडा. झटका जबर बसतो, इग्नायटर किंवा ईसीएम जळू शकतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर आग लागते. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो. मिसिंग मारणारी गाडी महिनोनमहिने पळवली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो महाग असतो.

ईसीएम खराब आहे असं कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं तर थांबा. सप्लाय, अर्थिंग आणि वायरिंग तपासल्यावरच त्याचा नंबर येतो. बहुतेक वेळा तो मरतो तो आपल्याच हाताने. बॅटरी न सोडता बॉडीला वेल्डिंग केलं, ट्रॅक्टरवरून स्टार्टिंग देताना प्लस-मायनस उलटं लागलं, किंवा २४ व्होल्टच्या ट्रकवरून करंट घेतला, की झालं.