स्थावर मालमत्ता मध्यस्थांचे घर दाखविण्याचे शिष्टाचार

स्थावर मालमत्ता मध्यस्थांचे घर दाखविण्याचे शिष्टाचार म्हणजे घर, सदनिका किंवा भूखंड ग्राहकाला प्रत्यक्ष दाखविताना मध्यस्थाने (बोलीभाषेत दलाल किंवा एजंट) पाळावयाचे वर्तनाचे संकेत. यांपैकी काही संकेत कायद्यात नमूद आहेत, काही व्यवसायातील रूढीने आलेले आहेत, तर काही साध्या पाहुणचाराच्या रीतीतून आलेले आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून मध्यस्थांच्या नोंदणीची व्यवस्था सुरू झाल्यामुळे पूर्वी केवळ सौजन्याच्या मानल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी आता कायदेशीर कर्तव्ये बनल्या आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील आणि विशेषतः अकोला शहरातील जठारपेठ, रणपिसे नगर, उमरी अशा निवासी भागांच्या संदर्भात या संकेतांचे विवेचन केले आहे.

स्वरूप

दुकानातील विक्रेता स्वतःचा माल दाखवितो. घराचा मध्यस्थ मात्र दुसऱ्याचे घर तिसऱ्याला दाखवितो, आणि पुष्कळदा त्या घरात कोणीतरी राहत असते. स्वयंपाक चाललेला असतो, एखादे वृद्ध अंथरुणावर असतात, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात. त्यामुळे मध्यस्थाच्या वागणुकीला दोन बाजू असतात. राहत्या कुटुंबाच्या खाजगीपणाचा मान राखणे ही पहिली आणि आयुष्यभराची बचत खर्च करू पाहणाऱ्या ग्राहकाला खरी माहिती देणे ही दुसरी. या दोहोंत संघर्ष उद्भवला तर तो गोड बोलून झाकण्याकडे अनेकांचा कल असतो. व्यवसायाविषयी जो अविश्वास दिसतो, त्याचे मूळ बहुधा येथेच आहे.

वऱ्हाडाला मध्यस्थ आणि त्याच्यावरील नियंत्रण या दोन्ही गोष्टी नवीन नाहीत. कापसाच्या व्यापारात अडते आणि दलाल यांचे स्थान जुने आहे. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. घरांच्या दलालीवर तशा प्रकारचे नियंत्रण येण्यास मात्र त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ लागला.

कायद्याची चौकट

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा या विषयाचा मुख्य कायदा होय. तो सामान्यतः ‘रेरा’ या नावाने ओळखला जातो. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि नोंदणीसंबंधीच्या कलमांसह उर्वरित कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली. राज्यात त्याची अंमलबजावणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, करते. कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाने स्वतःची नोंदणी करणे बंधनकारक आहे. कलम १० मध्ये त्याची कर्तव्ये दिली आहेत. नोंदणी आवश्यक असूनही ती न केलेल्या प्रकल्पातील विक्रीस साहाय्य न करणे, हिशेब व कागदपत्रे जतन करणे, खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान न करणे आणि ग्राहकास ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे ती नोंदणीच्या वेळी त्याला उपलब्ध करून देणे, ही त्यांतील प्रमुख होत. या कलमांचा भंग केल्यास कलम ६२ नुसार प्रतिदिन १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तो एकत्रितपणे संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मध्यस्थाविरुद्ध कलम ३१ अन्वये तक्रार करता येते.

महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली. त्यामुळे नोंदणी क्रमांकाबरोबरच सक्षमता प्रमाणपत्रही विचारण्याचा ग्राहकाला आधार मिळाला. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणेही आवश्यक झाले आहे.

या चौकटीला एक मोठी पळवाट आहे, आणि अकोला-अमरावतीसारख्या शहरांत तिचे महत्त्व मुंबई-पुण्यापेक्षा अधिक आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुन्या घराची पुनर्विक्रीही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. लहान भूखंडावर उभी राहिलेली चार-सहा सदनिकांची इमारत आणि एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जाणारे बैठे घर हे या शहरांतील नित्याचे व्यवहार होत. तेथे मध्यस्थाला भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकर्त्याविषयीच्या तरतुदी लागू होतात. उरलेला सारा भार शिष्टाचारावर पडतो.

भेटीची वेळ आणि घरातील वागणूक

राहते घर दाखविण्यापूर्वी घरमालकाला, आणि घर भाड्याने दिलेले असल्यास भाडेकरूलाही, आगाऊ कळविणे हा पहिला संकेत. ‘खालीच उभे आहोत, दोन मिनिटांत येतो’ असा दूरध्वनी ही पूर्वसूचना ठरत नाही. भाडेकरूची संमती विशेष महत्त्वाची असते, कारण विक्रीत त्याचा काहीच लाभ नसतो आणि घर पाहायला येणारा प्रत्येक जण त्याच्या दृष्टीने घर सोडण्याची आठवण असतो. ठरलेल्या वेळी पोहोचणे, उशीर होत असल्यास तसे कळविणे आणि ग्राहक आला नाही तरी घरमालकाला सांगून दिलगिरी व्यक्त करणे अपेक्षित आहे. शेवटची गोष्ट सर्वांत कमी पाळली जाते.

उंबऱ्यापाशी पादत्राणे काढावीत आणि ग्राहकालाही तसे सुचवावे. देवघर, शयनगृह आणि स्वयंपाकघर यांत घरच्या व्यक्तीला विचारल्याविना जाऊ नये. कपाटे उघडणे, भिंतीवरील छायाचित्रांवरून कुटुंबाची चौकशी करणे, ‘का विकताय?’ असे सर्वांसमक्ष विचारणे हे अप्रशस्त समजले जाते. घर विकण्यामागे कर्ज, वाटणी, आजारपण किंवा घरातील मृत्यू असू शकतो. ते कारण मध्यस्थाला ठाऊक असले तरी भाव पाडण्यासाठी ते ग्राहकाच्या कानी घालणे हा विश्वासघात होय. छायाचित्रे किंवा चित्रफीत घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रफितीत घरातील माणसे, मुलांच्या शाळेचे बोधचिन्ह किंवा तिजोरीची जागा दिसणार नाही याची काळजी घ्यावी. बंद घराची किल्ली मध्यस्थाकडे असेल तर भेटीनंतर दिवे, पंखे व नळ बंद करून किल्ली त्याच दिवशी परत करावी किंवा तिचा हिशेब द्यावा.

वऱ्हाडात पाहुण्याला चहा-पाणी विचारल्याविना जाऊ देत नाहीत. ग्राहक चहाला बसला की घरमालकाशी थेट बोलणी होतील आणि आपली दलाली बुडेल, अशी धास्ती मध्यस्थाला असते. म्हणून ग्राहकाला घाईने बाहेर काढण्याची सवय दिसते. यावर दोन्ही पक्षांकडून दलालीची लेखी संमती आधीच घेणे हा उपाय आहे. ती हाती असेल तर मध्यस्थाने एक पाऊल मागे राहून ग्राहकाला खोल्यांतून स्वतःच्या गतीने फिरू द्यावे.

भेटीच्या वेळेचाही येथे विचार करावा लागतो. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. त्यामुळे घरे सकाळी किंवा दिवेलागणीला दाखविण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा खरा, पण पश्चिमेच्या भिंतीची खोली दुपारी किती तापते आणि कूलर बसवायला खिडकी कोठे आहे, हे त्या वेळी समजत नाही. ग्राहकाने दुपारची दुसरी भेट मागितल्यास टाळाटाळ करू नये.

माहिती देण्यातील प्रामाणिकपणा

घर दाखविताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा खोटे बोलून होत नाही. गप्प राहून होते. या भागात पुढील गोष्टी ग्राहकाने विचारण्याची वाट न पाहता सांगाव्यात, असे मानले जाते.

पाण्याचा प्रश्न अग्रभागी येतो. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते आणि धरणातील साठ्यानुसार पुरवठ्याचे दिवस बदलतात. नळाला किती दिवसांआड पाणी येते, जमिनीखालील टाकी किती लिटरची आहे आणि विंधन विहीर आहे का, हे स्पष्ट सांगावे लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. त्यामुळे ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ हे विधान खरे असूनही अपुरे ठरू शकते. ते पाणी गोडे आहे की खारे, हे नळ सोडून ग्राहकाला चाखू देणे हाच सरळ मार्ग.

दुसरा विषय जमिनीचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात. विक्रीपूर्वी रंग देऊन त्या बुजविता येतात. रंगकाम नुकतेच झाले असल्यास ते केव्हा व का केले हे सांगावे. मोर्णा नदीच्या काठच्या सखल वस्त्यांत पावसाळ्यात पाणी शिरते का, हेही लपवू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत शहराचा इतिहास पाहावा लागतो. २०१६ मध्ये अकोला महानगरपालिकेची हद्दवाढ होऊन लगतची अनेक गावे शहरात आली. ग्रामपंचायतीच्या काळात पडलेल्या अभिन्यासांतील काही भूखंड अकृषिक परवान्याविना विकले गेलेले असू शकतात. अशा भूखंडांसाठी गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ मध्ये झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांसाठी वाढविण्यात आली. ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ आणि ‘गुंठेवारीचे प्रमाणपत्र मिळाले आहे’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि मध्यस्थाला ते ठाऊक असते. जुन्या वस्त्यांत जमीन नझूलची, म्हणजे शासनाच्या भाडेपट्ट्यावरील, असल्यास पट्ट्याची मुदत व नूतनीकरण यांची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि मालमत्ता कराची पावती यांच्या प्रती सोबत ठेवणारा मध्यस्थ ग्राहकाचा व स्वतःचाही वेळ वाचवितो.

क्षेत्रफळाविषयी गोंधळ ही जुनी तक्रार आहे. रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात घरातील वापरता येणारी जागा व आतील भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यातून वगळली जाते. ‘सुपर बिल्टअप’ चा आकडा सांगून चटई क्षेत्राविषयी मौन बाळगणे अयोग्य होय. मोजपट्टी जवळ ठेवावी. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे भूखंड पाहणाऱ्या नवख्या ग्राहकाला समजावून सांगावे लागते.

आडनाव विचारणे

घर पाहायचे म्हटल्यावर अनेक ठिकाणी पहिला प्रश्न खोल्यांचा नसतो, आडनावाचा असतो. त्यानंतर गाव, आहार आणि विवाह यांची चौकशी होते. ‘घरमालकाला चालणार नाही’ असे सांगून मध्यस्थ स्वतःकडे निरोप्याची भूमिका घेतो, पण कोणाला कोणती घरे दाखवावीत हे त्या क्षणी तोच ठरवीत असतो. काही वेळा ग्राहकाला नकारही मिळत नाही. ते घर ‘कालच गेले’ असे त्याला कळते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास किंवा तेथे राहण्यास अटकाव करणे हा दंडनीय अपराध आहे. धर्म किंवा आहार यांवरून खाजगी मालकाने दिलेल्या नकाराबाबत कायदा इतका स्पष्ट नाही. झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरविली होती. कायद्याची मर्यादा काहीही असली, तरी ग्राहकाची गरज व अंदाजपत्रक एवढ्याच आधारे घरे सुचविणे आणि जात-धर्माची चौकशी स्वतःहून न करणे, हा या व्यवसायातील सभ्यतेचा निकष मानला पाहिजे.

किंमत, इसार आणि दलाली

दलालीचा दर घर दाखविण्यापूर्वीच सांगावा. ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाणार असल्यास तेही सांगावे. काही मध्यस्थ स्वतः बयाणा देऊन घर धरून ठेवतात आणि वाढीव भावाने पुढे विकतात. अशा वेळी तो मध्यस्थ राहत नाही, विक्रेता होतो, आणि ही गोष्ट ग्राहकाला कळणे आवश्यक आहे. करार अधिनियमाच्या कलम २१५ मध्येही अभिकर्त्याने मालकाच्या संमतीविना स्वतःसाठी केलेल्या व्यवहाराची दखल घेतलेली आहे. ‘दुसरे एक गिऱ्हाईक संध्याकाळी टोकन देणार आहे’ हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे.

इसाराची रक्कम मूळ मालकाच्या नावे घेऊन तिची पावती द्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. नोंदणीकृत प्रकल्पात विक्री करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व देखभाल खर्च हे किमतीव्यतिरिक्त असतात, हेही प्रारंभीच सांगितलेले बरे. पितृपक्षात व्यवहार न करण्याची आणि अक्षय्य तृतीया, गुढीपाडवा किंवा दसरा गाठण्याची ग्राहकाची इच्छा असेल तर तिचा मान राखावा. मुहूर्ताची घाई दाखवून कागदपत्रांची पडताळणी उरकून घेणे मात्र अनुचित होय.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या संघटनेने १९१३ मध्ये आपली आचारसंहिता स्वीकारली. तेथे ऑगस्ट २०२४ पासून संघटनेच्या नियमांनुसार घर दाखविण्यापूर्वी ग्राहक व त्याचा मध्यस्थ यांच्यात मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. त्या देशात ग्राहक व विक्रेता यांचे मध्यस्थ बहुधा वेगवेगळे असतात. महाराष्ट्रातील लहान शहरांत एकच मध्यस्थ दोन्ही बाजूंसाठी काम करतो. पुष्कळदा तो त्याच गल्लीत राहणारा, किराणा दुकान किंवा विमा एजन्सी सांभाळून हा व्यवसाय करणारा गृहस्थ असतो. व्यवहार झाल्यानंतरही तो ग्राहकाला रोज रस्त्यात भेटतो.