शोध घराण्याचा (भाग ७) : दोअमलीतले पूर्वज

गेल्या आठवड्यापर्यंत आपण सरकारी कागदाचे बोट धरून चाललो. सातबारा, हक्कनोंदणी, कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि सर्वांत मागे इंग्रजी अमलातली पहिली जमीन मोजणी. पुसदच्या तहसीलीत वंशावळ जोडायला येणारा बहुतेक माणूस इथेच थांबतो, कारण जात पडताळणीला तेवढे पुरते. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा. त्यापलीकडच्या पणज्या-खापरपणज्याशी सरकारला देणेघेणे नाही. आजचा भाग आहे तो ज्यांना आहे त्यांच्यासाठी.

आधी एक किरकोळ वाटणारी पण हमखास नडणारी गोष्ट. १९०५ पर्यंत पुसद तालुका यवतमाळात नव्हता, वाशीम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडला तेव्हा पुसद इकडे आले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली फाईल ‘यवतमाळ’ या नावाखाली शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

विलायतेत असा शोध घेणाऱ्याला एक मोठा आधार आहे. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत मांडावे. वह्या जळाल्या, कुजल्या, यादवीच्या धामधुमीत लिहायच्याच राहिल्या, हे सगळे झाले. तरीही तिथल्या एखाद्या शेतमजुराचा सतराव्या शतकातला पूर्वज नाव-तारखेसह सापडू शकतो. आपल्याकडे रयतेचा जन्म-मृत्यू इंग्रजांच्या आधीच्या कोणत्याच राजवटीने लिहून ठेवला नाही. लिहिला गेला तो हक्क, वसूल आणि तंटा. म्हणून १८०० च्या मागे जाताना ‘माझा पूर्वज कोण होता’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याच्याकडे काय होते आणि त्यावरून तो कोणाशी भांडला, हे विचारा.

वऱ्हाडात हा शोध आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण अठराव्या शतकात इथे दोन धनी होते. मुलूख नावाने निजामाचा, पण चौथाई, सरदेशमुखी, घासदाणा वसूल करायला नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार हजर. हीच ती दोअमली. रयतेने एकाच पिकावर दोन्हीकडे भरणा केला. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला भोसले हरले, डिसेंबरात गाविलगड पडला आणि त्याच महिन्यातल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. तिथून १८५३ पर्यंत, म्हणजे इंग्रजांकडे कारभार येईपर्यंत, निजामाचाच अंमल. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. १८०३ च्या आधीच्या काळासाठी नागपूर आणि हैदराबाद दोन्ही दिशा धराव्या लागतात. नागपूरच्या पुरालेख कार्यालयापासून सुरुवात करावी. हैदराबादच्या अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे दीड लाखाच्या वर फारसी कागद आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत. तिथे ‘आमच्या घराण्याचे काही आहे का’ असे विचारत जाऊ नका. परगणा, गाव, वतन आणि अंदाजे साल एवढे हातात असेल तरच जा.

हे चार तपशील मिळवायचे ते पुन्हा इंग्रजी अमलातल्या कागदांतूनच. वऱ्हाडात इनामांसाठी १८५९ चे नियम झाले. इनाम कोणी दिले, कोणाला दिले, तिथून आजच्या वहिवाटदारापर्यंत कसे आले, हे दाखवल्याशिवाय हक्क टिकत नव्हता. म्हणून १८६० च्या आसपासच्या चौकशीच्या कागदात मागच्या तीन-चार पिढ्या आपोआप उतरतात. देशमुख, देशपांडे, पाटील, काझी, देवस्थानचे गुरव, दर्ग्याचे मुजावर, सगळ्यांनाच हे लागू. काझी घराण्यांतून जुन्या फारसी सनदा अजूनही कापडात गुंडाळून जपलेल्या असतात. त्यांचे फोटो काढून ठेवा, पण लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकमध्ये बंद झालेला कागद पुन्हा मोकळा होत नाही.

वतनाच्या तंट्याचा कागद म्हणजे महजर, करीना किंवा निवाडपत्र. यात दोन्ही पक्ष आपापली वंशावळ सांगतात आणि दोघेही सोयीने सांगतात. वडीलपणा आपल्याकडे यावा म्हणून समोरच्याची एखादी शाखा धाकटी करायची, एखादा दत्तक गाळायचा, हे सर्रास चाले. तेव्हा एकाच पक्षाच्या जबानीवर घराण्याचा वृक्ष उभा करू नये. विरोधकानेही ज्या पिढ्या नाकारल्या नाहीत तेवढ्याच पक्क्या धराव्यात. भाऊबंदकीने आपली घरे बुडवली हे खरेच, पण अठराव्या शतकातली निम्मी वंशावळ आज वाचता येते ती तिच्यामुळेच.

आता कागद उघडला असे समजू. ‘राणोजी बिन मालोजी’ अशी नावे दिसतील. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बायकांच्या नावापुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. बापाचे नाव प्रत्येक ठिकाणी मिळते ही मोठी सोय. गैरसोय अशी की नातवाला आजाचे नाव ठेवायची चाल. राणोजी बिन मालोजी आणि मालोजी बिन राणोजी आलटून पालटून येत राहतात आणि दोन पिढ्यांचे अंतर असलेली माणसे एकच समजली जातात. यावर उपाय एकच. प्रत्येक नोंदीचे साल काढायचे.

आणि साल सरळ लिहिलेले नसते. मराठी कागदात सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६० येते. वर्ष मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीतले पानिपत याच सालात पडते. मृगापूर्वीच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. निजामाच्या कागदात फसली साल असते. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवायचे, उत्तरेच्या फसलीत ५९२. इथे चूक झाली तर बाप मुलाच्या नंतर जन्मतो. हसू नका, छापील कुलवृत्तांतांतही असे बाप भेटतात.

आडनावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील हे हुद्दे. वतन विकले, वाटले, गहाण पडले की आडनावही हलले. मोठ्या घराण्याशी सांगितलेल्या नात्याचेही तेच. माहूरच्या रायबागनचे घराणे घ्या. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांसमोर मोगलांच्या बाजूने उभी राहिलेली ती सावित्रीबाई. तिच्या सासरचे उदाराम मोगलांचे मातब्बर सरदार, म्हणून ‘मआसिर-उल-उमरा’ या फारसी ग्रंथात त्यांचे चरित्र आले. फारसी ग्रंथात नाव यायला एवढी उंची लागे. ‘आम्ही त्यांच्यातलेच’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मधल्या पिढ्या मागितल्या की बोलणे उदयपूरच्या राजघराण्याकडे वळते.

वतन नव्हते त्यांचे काय? अशा घरांना तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा मोठा आधार. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया. यात्रेकरू आला की तो स्वतः किंवा उपाध्याय गाव, जात, आडनाव आणि बरोबरच्यांची नावे लिहितो. या वह्या गावावार लागतात, तेव्हा जाताना मूळ गाव पक्के करून जा. पुसद शहरात दोन पिढ्यांपूर्वी आलेल्याने पुसद सांगितले तर उपाध्यायांना वही सापडणार नाही. पण एवढ्या लांबच्या यात्रेला पैसा लागे आणि देवळाची पायरी चढू न दिलेल्यांना या वह्यांत जागा नव्हती. महारवतनाचे कागद असतील तर ते गावच्या वतनी दप्तरातच शोधावे लागतात.

पुसद परिसरातल्या बंजारा घरांची वाट याहून निराळी. गाव नाही, म्हणून गावाचे दप्तर नाही. नाईक हेही आडनाव नव्हे, तांड्याच्या म्होरक्याचे पद. गहुलीच्या वसंतराव नाईकांचे मूळ आडनाव राठोड. इथे विचारायचे ते भाट आणि ढाडी यांना, जे पिढ्या तोंडपाठ सांगतात. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातले एक पोलीस अधिकारी कंबरलेज यांनी बंजाऱ्यांची हकीकत लिहून काढली. तीत १६३० च्या सुमारास मोगल फौजेबरोबर दक्षिणेत आलेले भंगी आणि जंगी हे राठोड १ लाख ८० हजार बैलांसह येतात आणि भगवानदास वडत्या ५२ हजार बैलांसह. आकडे ऐकीव, तेव्हा त्यांवर वाद नको. तुमचा ढाडी तुमचा पाडा, म्हणजे कुळी, यांपैकी कोणाला जोडतो आणि मध्ये किती नावे घेतो, ते रेकॉर्ड करा. जवळजवळ चारशे वर्षांना बारा-चौदा नावे लागतात. सहाच आली तर मधली गळली आहेत. मग दुसऱ्या तांड्याच्या ढाडीला गाठा, पहिल्याने काय सांगितले ते त्याला न सांगता.