मावळच्या मांडवात जगाचं संगीत

मळवली स्टेशनवर लोकल सोडून द्रुतगती महामार्ग ओलांडला, की भाजे गाव लागतं. गावाच्या वरच्या डोंगरात 22 लेणी आहेत. त्यांचं खोदकाम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालं. बहुतेक पर्यटक चैत्यगृह पाहतात, पावसाळा असेल तर धबधब्याखाली भिजतात आणि परत फिरतात. दक्षिणेकडच्या टोकाला असलेल्या विहारापर्यंत फार थोडे जातात. तिथल्या भिंतीवर प्रचंड हत्तीवर बसलेला एक देव कोरला आहे. अभ्यासक त्याला बहुधा इंद्र मानतात. त्याच शिल्पपटाच्या खालच्या भागात एक छोटासा दरबार आहे. राजा बसला आहे, त्याच्यासमोर एक स्त्री नाचते आहे आणि शेजारी वीणावादन चाललं आहे.

ही वीणा आज आपण देवघरातल्या सरस्वतीच्या हाती पाहतो तशी नाही. धनुष्यासारखा वाकलेला दांडा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये ताणलेल्या तारा, असा तिचा घाट. चौथ्या शतकातल्या सम्राट समुद्रगुप्तानेही आपल्या सोन्याच्या नाण्यांवर स्वतःला हीच वीणा वाजवताना दाखवलं आहे. पुढे ती भारतातल्या मैफलीतून जवळजवळ नाहीशी झाली. मध्य प्रदेशातल्या परधान कलावंतांच्या बीनबाजात तिचा अंश उरला. म्यानमारमध्ये मात्र तिची जातभाई ‘साउंग’ आजही मानाने वाजते. म्हणजे एखादा ब्रह्मी वादक उद्या लोणावळ्यात साउंग घेऊन बसला, तर ते वाद्य मावळला परकं म्हणता येणार नाही.

तसा तो बसत नाही, कारण परदेशी कलावंतांची वाट मुंबई आणि पुणे या दोन टोकांना जाते. लोणावळा या दोन्ही शहरांच्या मधे आहे, इथे दर शनिवार-रविवारी गर्दी लोटते, पण इथल्या रहिवाशाला जगभरचं नृत्यसंगीत प्रत्यक्ष ऐकायचं तर घाट उतरावा लागतो किंवा पुणं गाठावं लागतं. छोट्या गावातल्या श्रोत्यांना असलं काही रुचणार नाही, असा एक समज त्यामागे आहे. तो खोडून काढायला हवा.

स्पेनमधल्या फ्लामेंकोचं उदाहरण घ्यावं. त्यातल्या सोलेआ या प्रकाराचं आवर्तन 12 मात्रांचं असतं आणि जोर 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर पडतो. आपल्या एकतालातही मात्रा 12च असतात, पण टाळ्या 1, 5, 9 आणि 11वर. आकडा एकच, चाल अगदी निराळी. नर्तकी टाचा आपटते, साथीदार हातांनी टाळ्यांची जाळी विणतात, गायक आर्त सूर लावतो. कथ्थकचा तत्कार पाहिलेल्या, कीर्तनात टाळ धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिली दोन आवर्तनं तो चाचपडतो, तिसऱ्याला त्याचा हात आपोआप मांडीवर पडायला लागतो. फ्लामेंको घडवण्यात मोठा वाटा असलेल्या रोमा लोकांची भाषा मुळात भारतीय कुळातली आहे. हे नंतर कळलं तरी चालतं. आधी कान जुळतात.

पडद्यावर पाहताना हीच गोष्ट हरवते. मोबाइलवर टाचांचा आवाज येतो, पण फळ्यांची थरथर तळपायाला लागत नाही. कलावंत समोरच्या माणसांकडे पाहून लय वाढवतो किंवा आवरतो, आणि त्या देवघेवीत श्रोत्याचाही वाटा असतो. त्याला तिथे हजर राहावंच लागतं.

महाराष्ट्राने हा अनुभव घेतलेला आहे. 1978 साली मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडिया संस्थेने ती उभी केली होती. सॅक्सोफोनचा बादशहा सॉनी रोलिन्स त्या खुल्या रंगमंचावर वाजवून गेला. पुढच्या काळात लुई बँक्स आणि गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी राग आणि जॅझ यांची सांगड घातली. रंगभवनातल्या मोठ्या मैफली मात्र नंतर शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबल्या. कला टिकवायची तर जागा टिकवावी लागते, हे तिथे फार महागात कळलं.

आणि पैसा? इंग्लंडमध्ये 1982 साली पीटर गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वोमॅड’ हा जगभरच्या संगीताचा पहिला महोत्सव भरवला. कलावंत नामवंत होते, तरी कर्जाचा डोंगर झाला. त्याच वर्षी गॅब्रिएलचे ‘जेनेसिस’ या बँडमधले जुने सोबती पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी एक कार्यक्रम करून ते फेडायला मदत केली. मोठ्या नावांवर आणि एका माणसाच्या हिमतीवर उभा राहिलेला उत्सव असा कधीही डगमगू शकतो. पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव टिकला, कारण त्यामागे आर्य संगीत प्रसारक मंडळ होतं आणि समोर दरवर्षी सतरंजी घेऊन येणारा श्रोता.

मावळाला या बाबतीत कुणाकडे शिकायला जायची गरज नाही. इथल्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह भरतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून गावकरी पाळीपाळीने पहारा देतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. कीर्तनकार बाहेरगावाहून येतो, एखाद्या घरी उतरतो. खर्च वर्गणीतून निघतो, पंगतीची जबाबदारी वाड्या-वस्त्या वाटून घेतात. सांस्कृतिक मालिकेचं याहून पक्कं नियोजन कुठल्या महोत्सवात असेल असं वाटत नाही. पाहुणा कलावंत, यजमान घर, ठरलेली वेळ, सगळ्यांना खुला मांडव: सगळं तयार आहे. सप्ताहाची भक्ती वेगळी, तिच्यात ढवळाढवळ करायचं काही कारण नाही. उचलायची आहे ती त्याची रचना. तळेगाव दाभाडेची ‘कलापिनी’ नाटक आणि बालरंगभूमीसाठी राबते आहेच. तिच्यासारख्या संस्था आणि भजनी मंडळं एकत्र बसली, तर वर्षाला चार-पाच कार्यक्रम अवघड नाहीत.

कलावंत मिळवणंही वाटतं तितकं कठीण नसतं. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद 1950 सालापासून परदेशी पथकं भारतात आणते. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आणि आलियान्स फ्रान्सेज ही परदेशी सांस्कृतिक केंद्रं आहेत. पुण्यात कार्यक्रम झालेल्या पथकाला मुंबईला जाताना वाटेत एक रात्र लोणावळ्यात थांबवणं हा फार तर पत्रव्यवहाराचा आणि राहण्याच्या खोल्यांचा प्रश्न आहे, आणि खोल्यांची या गावात वाण नाही. 1977 साली किरण सेठ यांनी सुरू केलेली स्पिक मॅके ही चळवळ शाळा-महाविद्यालयांत कलावंत नेते आणि विद्यार्थ्यांकडून तिकीट घेत नाही. तोच मार्ग इथे धरावा: सकाळी नगरपरिषदेच्या शाळेत मुलांसमोर वाद्य उघडून दाखवावं, संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम.

लेण्यांच्या आत कार्यक्रम घ्यायचा मोह आवरलेला बरा. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब, त्याचा घुमारा विलक्षण. पण दोन हजार वर्षांच्या दगडाला आणि छताच्या लाकडी कमानींना ध्वनिक्षेपक आणि दिवे सोसवायला लावू नयेत. वेरूळचा महोत्सवही लेण्यांपासून निघून औरंगाबादच्या सोनेरी महालाकडे गेला. भाजे, कार्ला, मळवलीच्या शाळांची पटांगणं त्यासाठी पुरेशी आहेत.

हंगाम ठरलेलाच आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात खुल्या मांडवासाठी नोव्हेंबर ते मार्च एवढेच महिने हाती लागतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे, शिवाय तळेगाव-कामशेतच्या श्रोत्यांना लोकलने घरी जायचं असतं. म्हणून सुरुवात साडेपाचलाच व्हावी. आधी गावच्या भजनी मंडळाने अर्धा तास पखवाज घुमवावा, पाहुण्यांनी समोर बसून तो ऐकावा, आणि मग मंच त्यांचा.