लसणाचा हिशोब : गड्डा, पेस्ट आणि पूड

वलीम्याच्या जेवणाची ऑर्डर घेणारे बावर्ची, खानावळवाले, कबाबवाले आणि मसाल्याचे छोटे व्यापारी यांचा लसणाशी रोजचा संबंध येतो. पूर्वी गड्डे आणून घरच्या बायका सोलत असत. आता सोललेला लसूण, आले-लसूण पेस्ट, वाळवलेले काप आणि पूड असे चार प्रकार बाजारात मिळतात. गडबड होते ती इथेच. अर्धा किलो लसणाच्या जागी अर्धा किलो पूड टाकली तर डेग कडू होते, गिऱ्हाईक पैसे कापते आणि नाव जाते ते वेगळेच.

मूळ कारण पाणी आहे. ताज्या लसणात सुमारे ६० ते ६५ टक्के पाणी असते. कोरा कपडा धुतल्यावर आटतो हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. लसूणही वाळल्यावर आटतो. सोललेल्या सुमारे ३ किलो लसणाची पूड १ किलोच्या आसपास भरते. गड्ड्यातून साल व देठ जाऊन साधारण ८५ टक्के माल हाती येतो, असे धरावे.

उदाहरण घेऊ. १० किलो गोश्तासाठी तुमचे माप ५०० ग्रॅम सोललेला लसूण आहे. त्याऐवजी :

गड्डे घेतले तर सुमारे ६०० ग्रॅम.

आले-लसूण पेस्ट निम्मी-निम्मी असेल तर १ किलो. मग वेगळे आले घालू नये.

पूड घेतली तर जास्तीत जास्त १६५ ग्रॅम. पहिल्या वेळी १०० ग्रॅम घालावी आणि चव पाहून वाढवावी. घातलेली पूड परत काढता येत नाही.

घरच्या स्वयंपाकात एका मध्यम पाकळीसाठी वाटलेला लसूण अर्धा चहाचा चमचा, वाळवलेले काप अर्धा चमचा किंवा बारीक पूड चमच्याचा आठवा भाग असे माप चालते. डेगीसाठी मात्र चमचा सोडून काट्यावरच मोजावे, कारण पाकळी कधी लहान असते, कधी मोठी.

घालण्याची रीतही बदलते. लसूण ठेचल्यावर त्यातील दोन घटक एकत्र येऊन तिखट वास तयार होतो. पुडीत हे काम पाणी लागल्यावर सुरू होते. म्हणून पूड कढत तेलात टाकू नये, ती लगेच जळते. दुप्पट पाण्यात दहा मिनिटे भिजवून मग घालावी. लिंबू किंवा सिरका लावायचा असेल तर तो नंतर लावावा. तयार पेस्टमध्ये बहुधा मीठ असते, तेव्हा रश्श्यातले मीठ कमी करावे. वरून द्यायच्या फोडणीला मात्र ताजा लसूणच हवा. तिथे पुडीचे काम नाही.

पाकीट घेताना घटकांची यादी वाचावी. ज्याचे वजन जास्त त्याचे नाव आधी, असा नियम आहे. आले आधी लिहिले असेल तर लसूण कमी समजावा.

भावही असाच काढावा. समजा गड्डा २०० रुपये किलो आहे, तर सोललेला सुमारे २३५ रुपयांना पडला. सोलण्याची मजुरी निराळी. पूड ६०० रुपये किलो असेल तर तिला तीनाने भागा : २०० रुपये. वरवर महाग दिसणारी पूड इथे स्वस्त पडते. भाव बदलले की हिशोब पुन्हा करावा.

एक इशारा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर, फ्रिजशिवाय ठेवू नये. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातल्या बाटलीबंद लसणामुळे ३६ जणांना बोटुलिझम नावाची विषबाधा झाली होती. घरची पेस्ट फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत संपवावी; जास्त असेल तर गोठवावी.

शेवटी, गिऱ्हाईकाशी ताजा लसूण ठरला असेल तर त्याला न सांगता पूड वापरू नये. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. माप बरोबर आणि बोलणे साफ असेल तर धंद्यात बरकत येते, इन्शाअल्लाह.