ऑस्कर कोणाला? अंदाज बांधायचा कसा

आजचा विषय हलकाफुलका वाटेल, पण त्यात मतदानाचं बरंच गणित आहे. दरवर्षी ऑस्करच्या आधी अंदाजांचा पाऊस पडतो. ते कशाच्या जोरावर बांधतात आणि चुकतात तेव्हा नेमकं काय चुकतं, एवढंच आज आपण पाहू.

पहिला प्रश्न, मत कोण देतं? अकादमीचे सुमारे दहा हजार सभासद. दिग्दर्शक, नट, छायालेखक, संकलक, म्हणजे बहुतेक सगळे याच व्यवसायातले. त्यांची मतं गुप्त असतात आणि निकालानंतरही आकडे जाहीर होत नाहीत. मग करायचं काय? यांच्यापैकी बरेच जण आधीच दुसरीकडे मत देऊन बसलेले असतात, तिकडे पाहायचं. दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते यांच्या संघटनांचे पुरस्कार ऑस्करआधी होतात. गोल्डन ग्लोबचा गाजावाजा मोठा, पण तिथे मत देतात पत्रकार. म्हणून जाणकार त्याला कमी वजन देतात.

दुसरा प्रश्न, मतं मोजतात कशी? बहुतेक विभागांत सोपं आहे, ज्याला जास्त मतं तो जिंकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र तसं नाही. २००९ सालच्या चित्रपटांपासून तिथे पसंतीक्रम लावायचा असतो.

उदाहरण घेऊ. शंभर मतदार, तीन चित्रपट. 'अ'ला पहिल्या पसंतीची ४० मतं, 'ब'ला ३२, 'क'ला २८. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत, म्हणून तळाचा 'क' बाद. आता त्या २८ जणांची दुसरी पसंती बघायची. समजा २२ जणांनी 'ब' लिहिलाय आणि सहा जणांनी 'अ'. 'अ' झाला ४६, 'ब' झाला ५४. पहिल्या फेरीत मागे असलेला 'ब' जिंकला! म्हणजे काहींना प्रचंड आवडणारा आणि बाकीच्यांना न पटणारा चित्रपट इथे अडकतो. फारसा कोणाला न खटकणारा पुढे सरकतो.

निर्मात्यांची संघटनाही पसंतीक्रमानेच मोजते, म्हणून या विभागासाठी तिच्याकडे लक्ष ठेवतात. २०२२च्या सोहळ्यात 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नामांकनं होती, 'कोडा'ला फक्त तीन. पण निर्मात्यांचा आणि अभिनेत्यांचा, दोन्ही पुरस्कार 'कोडा'ने आधीच घेतले होते. ऑस्करही त्यालाच मिळालं. नुसती नामांकनं मोजणारे तिथे फसले.

मग हे सूत्र पक्कं का? नाही. 'ला ला लँड'कडे १४ नामांकनं होती, निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा पुरस्कारही होता. २०१७ साली जिंकला 'मूनलाइट'. '१९१७'कडेही हे दोन्ही पुरस्कार होते, आणि २०२०मध्ये बाजी मारली 'पॅरासाइट'ने. असं झालं की लोक म्हणतात, तज्ज्ञांना काही कळत नाही. थांबा जरा. एखाद्याची शक्यता ८० टक्के म्हणजे पाचातून एकदा तो हरणारच. एका निकालावरून अंदाज खोटा ठरत नाही, अनेक वर्षांचा हिशोब मांडावा लागतो.

खरा धोका शक्यतेला खात्री समजण्यात आहे. २०२१च्या सोहळ्यात चित्रपटाचा पुरस्कार आधी देऊन सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा शेवटी ठेवला. तो दिवंगत चॅडविक बोसमनला जाणार, असं बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. मिळाला अँथनी हॉपकिन्सला, आणि ते हजरच नव्हते. सोहळा एकदम संपला. खरं तर हॉपकिन्सना ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा थोड्याच दिवसांपूर्वी मिळाला होता. खूण होती, मन दुसरीकडे होतं.

मन दुसरीकडे असणं आपल्यालाही नवं नाही. २००२ साली आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' परभाषिक चित्रपटांच्या अंतिम पाचांत होता. अख्खा देश आस लावून बसला. पण 'नो मॅन्स लँड'ला त्याच वर्षी गोल्डन ग्लोब मिळालेलं होतं, ऑस्करही त्यालाच गेलं. आपल्याला काय हवंय आणि मतदार काय करतील, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी एक करून बघा. कागदावर दोन रकाने करा, एकात 'कोण जिंकावं', दुसऱ्यात 'कोण जिंकेल'. दुसऱ्या रकान्यात नावापुढे टक्केही लिहा, आणि कागद जपून ठेवा. दोन्ही रकान्यांत दरवेळी तीच नावं यायला लागली, तर समजा की आपला अंदाज नसून आपली इच्छाच बोलतेय.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.