बंधाऱ्याआडचे शिंपले

2022च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडच्या शिवारांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि मृदुकाय प्राणी हा एरवी पाठ्यपुस्तकात पडून असलेला विषय थेट बातम्यांत आला. तेव्हापासून गोगलगाय म्हटलं की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ती गोगलगाय पाहुणी. मूळची पूर्व आफ्रिकेतली, 1847च्या सुमारास कोलकात्यात आणलेली आणि तिथून देशभर पांगलेली. तिचे पाण्यातले नातेवाईक, म्हणजे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले, मात्र इथलेच आहेत, आणि किती जुने? दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यांतून घडला, त्यांच्या थरांमध्ये तेव्हाच्या तळ्यांचा गाळ अडकलेला आहे. नागपूरजवळ टाकळीला या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळतात. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं.

परभणी जिल्ह्यात या घराण्याचा आजचा मुक्काम गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांत, त्यांच्यावरच्या धरणांत आणि कालव्यांत आहे. गोदाकाठचे लोक नदीला गंगाच म्हणतात. या गंगेच्या वाळूत सापडणारा काळपट शिंपला पूर्वी घरोघर असायचा. त्याची फुगीर बाजू दगडावर घासून भोक पाडायचं आणि त्या भोकाच्या धारेनं कैरी सोलायची. आता सोलाणं बाजारात मिळतं. शिंपल्याकडे लक्ष जायचं कारण उरलेलं नाही, आणि नेमक्या याच काळात त्याच्या नदीत मोठी उलथापालथ झाली आहे.

वाळूत रुतलेला गाळणीवाला

आपल्याकडच्या नेहमीच्या शिंपल्याचं शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यानं 1819मध्ये त्याची नोंद केली. हातात घेतला तर हाताच्या पंज्याहून थोडा लहान. बाहेरून काळा-तपकिरी, कडेला फिकट पिवळसर पट्टा. दोन्ही शकलं जिथं जुळतात, तिथली साल झिजून पांढुरकी झालेली. आतून मोत्याची झळाळी, आणि म्हणूनच भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं मोतीशेतीसाठी हाच शिंपला निवडला. पाठीवर कडेला समांतर अशा रेघा दिसतात. शिंपला कडेकडेनं वाढतो, आणि वाढ मंदावली की तिथं गडद रेघ उमटते. पाणी आटलेला काळ असा त्याच्या अंगावर नोंदला जातो.

जिवंत शिंपला मात्र सहसा असा दिसत नाही. तो स्नायूंच्या पायानं वाळूत किंवा गाळात रुतून बसतो आणि मागची बाजू तेवढी वर ठेवतो. तिथं दोन फटी असतात. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर पडतं. आतल्या कल्ल्यांवर बारीक लव असते. ती सतत हलते आणि पाणी ओढून घेते. पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजक्या पालापाचोळ्याचे कण कल्ल्यांवर अडकतात. खाण्याजोगं तोंडाकडे जातं, नको ते चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकलं जातं आणि तळाशी बसतं. तळातल्या किड्यांना तेच अन्न. मध्यम आकाराचा शिंपला ऊबदार पाण्यात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी असं गाळू शकतो. एका शिंपल्याचं काम चिल्लर वाटेल, पण दाट वस्ती असेल तर नदीच्या तळाला फुकटात मिळालेली ती पाणीशुद्धी आहे.

कवच बांधायला कॅल्शियम लागतं. त्याची परभणीत ददात नाही. काळ्या मातीखाली जागोजाग चुनखडी आहे आणि नदीचं पाणी जड आहे. प्रश्न कवचाचा नाही, प्रश्न पिल्लांचा आहे.

माशाच्या कल्ल्यावरचं बालपण

एका जागी रुतून बसणाऱ्या प्राण्यापुढे मोठाच पेच असतो. वाहत्या नदीत पिल्लं सोडली तर ती प्रवाहाबरोबर खालीच जाणार. पिढ्यानपिढ्या असंच चाललं तर नदीचा वरचा भाग ओस पडेल. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मासा.

मादी आपली अंडी बाहेर टाकत नाही. ती कल्ल्यांतच वाढवते. तिथं त्यांचे बारीक डिंभक तयार होतात. मिलिमीटरच्या निम्म्याहूनही लहान, पण दोन शकलांचे. ते लाखांच्या घरात पाण्यात सोडले जातात आणि बहुतेक मरतात. ज्यांच्या जवळून मासा जातो, ते त्याच्या कल्ल्याला किंवा पंखाला चिमटा घेऊन बसतात. माशाची त्वचा त्यांच्याभोवती वाढते. त्या आवरणात काही दिवस ते काही आठवडे राहून डिंभकाचा छोटा शिंपला होतो, आवरण फोडून तळाशी पडतो आणि वाळूत शिरतो. धडधाकट माशाला याचा फारसा त्रास होत नाही. दरम्यान मासा प्रवाहाच्या वर पोहून गेला असेल तर शिंपल्यानंही फुकटात प्रवास केलेला असतो.

इथं अडचण ही की कुठलाही मासा चालत नाही. शिंपल्याच्या अनेक जाती ठरावीक माशांवरच वाढतात. चुकीच्या माशावर बसलेला डिंभक त्याच्या शरीराकडून झटकला जातो. म्हणजे शिंपल्याचं पोट पाण्यावर भरतं, पण वंश माशावर चालतो. नदीत पाणी आहे पण मासा नाही, किंवा मासा आहे पण तो वर येऊ शकत नाही, तर शिंपल्याचं घराणं तिथंच संपतं.

केरळात मीठ, इथं मासा

एका जागी बसणाऱ्या प्राण्याचं नशीब फिरत्या गोष्टींवर अवलंबून असतं, हे समुद्रकाठच्या खाऱ्या सरोवरांत फार स्पष्ट दिसतं. केरळच्या वेंबनाड सरोवरात काळा शिंपला मोठ्या प्रमाणात काढला जातो. मोठा झालेला हा शिंपला जवळजवळ गोड्या पाण्यातही जगतो. मात्र पिल्लं व्हायला पाण्यात थोडा खारटपणा लागतो. कुट्टनाडची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायला 1970च्या दशकात तण्णीरमुक्कम इथं बांध घालण्यात आला. त्याची दारं दर वर्षी हिवाळा-उन्हाळ्यात काही महिने बंद असतात. भात वाचलं, पण बांधाच्या आतल्या बाजूला भरतीचं मीठ पोचेना आणि शिंपल्यांची नवी पिढी रोडावली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला शेवटी तिथं शिंपल्याचं बीज आणून टाकण्याचे प्रयोग करावे लागले.

पाणी आणि शिंपल्याची पिल्लं यांचं हे नातं आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनीही फार पूर्वी अभ्यासलं आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी 1970च्या दशकात रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या शिंपल्यांच्या प्रजननावर काम केलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विद्यापीठानं खाडीचा अभ्यास करावा हे नवल वाटेल. पण प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: जागा न सोडणाऱ्या जिवापर्यंत काय पोचतं आणि काय अडतं?

परभणीत अडवणूक मिठाची नाही, माशाची आहे. पैठणला 1976मध्ये जायकवाडी झालं. त्याच्या खाली गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे उच्च पातळीचे बंधारे एकापाठोपाठ उभे राहिले. पावसाळ्यात दारं उचलली की नदी सलग होते. दारं टाकली की ती लांबट तळ्यांची माळ बनते. खाली नांदेडच्या बाभळी बंधाऱ्याला तर सर्वोच्च न्यायालयानं तारखाच नेमून दिल्या आहेत: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी. पाण्यासाठी ठरलेलं हे वेळापत्रक माशांच्या ये-जा करण्याचंही वेळापत्रक ठरतं, आणि माशांवर स्वार होणाऱ्या शिंपल्यांचंही.

बंधाऱ्यांत दर वर्षी रोहू, कटला, मृगळचं बीज सोडलं जातं, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे भोई समाजाच्या जाळ्यात मासा येत राहतो. पण सोडलेला मासा आणि नदीत आपणहून वर चढणारा नाना जातींचा मासा यांत शिंपल्याच्या दृष्टीनं फरक आहे. लॅमेलिडेन्स तळ्यातल्या संथ पाण्यातही निभावून नेतो. वाहतं पाणी आणि वाळूचा तळ मानवणारा छोटा, सुरकुतलेल्या सालीचा पॅरेशिया हा शिंपला मात्र बंधाऱ्यामागे साचलेल्या मऊ गाळात अडचणीत येतो.

कोणाचं फावलं?

वाहती नदी तळी बनली की काहींचं उखळ पांढरं होतं. साठलेल्या पाण्याच्या काठाला, पाणवनस्पतींत, कालव्याच्या अस्तरावर गोगलगायींची पैदास वाढते. त्यांना मासा लागत नाही. बेलामिया ही गोगलगाय तर थेट पिल्लंच घालते, कवचासकट. वेटोळं घालून चकतीसारखी दिसणारी इंडोप्लॅनॉर्बिस चिकट थरात अंडी घालते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही ती जगते.

हे गुरं पाळणाऱ्यांच्या पथ्यावर पडत नाही. लिम्निया कुळातल्या गोगलगायीत यकृतातल्या पर्णकृमीची वाढ होते. गुराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेला जीव गोगलगायीत शिरतो, तिच्यात वाढतो आणि बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो. ते गवत खाल्लं की कृमी जनावराच्या यकृतात. मग दूध घटतं, जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी साचतं. इंडोप्लॅनॉर्बिसमधून बाहेर पडणारा दुसरा कृमी तर कातडीतून घुसतो आणि बैलाच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत घर करतो. बैल घोरल्यासारखा श्वास घेऊ लागतो. या कृमीचं वर्णन 1933मध्ये मद्रासला झालं. माणसाचाही एक असा रोग महाराष्ट्रात सापडला होता: 1952मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो नोंदवला, आणि त्यामागेही एक बारकीशी गोगलगायच होती.

जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात आला तसं ओलं गवत बारमाही झालं. कालव्याच्या पाझराच्या जागी गुरं न चारणं, पावसाळ्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं कृमीचं औषध देणं हे साधे उपाय आहेत. औषध टाकून सगळ्याच गोगलगायी मारण्याचा मार्ग मात्र घातक. त्यात मासेही मरतात आणि त्यांच्याबरोबर शिंपल्यांची सोय जाते.

वाळू गेली की

शिंपल्याचा दुसरा आधार तळातली वाळू. ती यंत्रानं उपसली की प्रौढ शिंपले हायवात भरून बांधकामावर जातात आणि लहानग्यांना रुतायला जागा उरत नाही. वाळू-गाळाचं हे नातं जिल्ह्यापुरतं नाही. 1,465 किलोमीटर वाहून गोदावरी जिथं समुद्राला मिळते, त्याजवळच्या काकिनाडा उपसागरात शिंपले मोठ्या प्रमाणात काढले जातात. नदी आणते त्या गाळावर आणि गोड्या पाण्यावर तिथल्या चिखलाचा पोत नि खारटपणा ठरतो. वरच्या धरणांत गाळ अडल्यामुळे त्रिभुज प्रदेशाला मिळणारा वाटा गेल्या काही दशकांत खूप घटला आहे. गोदाकाठच्या गंगाखेडला उपसलेल्या वाळूचा हिशेब असा थेट समुद्रापर्यंत लागतो.

शिंपल्यांची स्थिती जोखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर पडलेली रिकामी शकलं गोळा करून पट्टीनं मोजावीत. शाळांना, महाविद्यालयांना सहज जमेल असं हे काम आहे. मात्र मोठे शिंपले दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. हा प्राणी अनेक वर्षं जगतो. पिल्लं होणं थांबलं तरी म्हातारी वस्ती बरीच वर्षं तशीच दिसत राहते, आणि एका दुष्काळात अचानक संपते. त्यामुळे मोजायचे ते नखाएवढे शिंपले. ते सापडत असतील तर मासा अजून वर येतो आहे. सापडत नसतील तर बंधाऱ्याला माशांसाठी वाट ठेवणं आणि दारं कधी उघडायची हे ठरवताना माशांचा विचार करणं, ही पाटबंधारे खात्याच्या टेबलावर न्यायची गोष्ट आहे.